मातेचे स्वास्थ्य आणि बालकाचे भवितव्य

दिवाळीचे लक्ष्मीपूजन आटोपले, नव्या वह्यांवर शुभलाभ लिहून झाले, की आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापसाच्या हंगामाची धांदल सुरू होते. तामसीसारख्या सीमेवरील गावांतून कापसाने भरलेल्या गाड्या आदिलाबादच्या बाजाराकडे निघतात. व्यापाऱ्याच्या घरी पहाटेस चूल पेटते. शेतकरी, अडते, हमाल, पाहुणे यांचा राबता दिवसभर चालू असतो आणि चहाचे आधण उतरत नाही. पुरुषमंडळी भाव, वजन, ओलावा आणि उधारी यांच्या विवंचनेत गढलेली असतात. अशाच एखाद्या घरी सूनबाईंना पाचवा महिना लागलेला असतो. सर्वांची जेवणे झाल्यावर जे उरेल ते ती वाढून घेते. दूध पाहुण्यांच्या चहात संपलेले असते. दुकानातील मंदीची चर्चा तिच्या कानी पडते, पण तिला कोणी काही विचारीत नाही. हे सारे इतके नित्याचे आहे की त्यात काही चुकते आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

आपण व्यापारी माणसे. गासडीत ओलावा किती, गोदामात वारा खेळतो की नाही, याची काळजी आपण डोळ्यांत तेल घालून घेतो. माल एकदा बिघडला की मागाहून कितीही खर्च केला तरी तो पूर्ववत होत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. संततीच्या बाबतीतही हेच खरे आहे. मुलाच्या शिक्षणासाठी आपण पुढे हजारो रुपये खर्च करतो. परंतु ज्या बुद्धीवर आणि शरीरावर ते शिक्षण उभे राहावयाचे, त्यांचा पाया मातेच्या उदरात नऊ महिन्यांत घातला जातो. तो पाया भक्कम होण्यास काय लागते, याविषयी गेल्या काही दशकांत निश्चित स्वरूपाचे ज्ञान हाती आले आहे. त्यातील फार मोलाचा भाग आपल्याच मराठी मुलखात, पुण्याजवळच्या खेड्यांत मिळालेला आहे. त्याचा परिचय सभासद बंधूंस व विशेषतः भगिनींस करून द्यावा, हा या लेखाचा हेतू.

प्राचीनांची दृष्टी

माता आणि गर्भ यांचे सुखदुःख एकमेकांत गुंतलेले असते, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. पर्युषणात ज्या घरांत कल्पसूत्राचे श्रवण होते, त्या घरांतील लहान मुलेही भगवान महावीरांच्या गर्भावस्थेची कथा जाणतात. आपल्या हालचालीने मातेस पीडा होत असेल, या विचाराने भगवान गर्भात निश्चल झाले. गर्भ हलत नाही हे पाहून त्रिशलादेवी शोकाकुल झाल्या आणि सिद्धार्थ राजाच्या प्रासादातील गीतवाद्ये थांबली. मातेचे दुःख जाणून गर्भाने किंचित हालचाल केली, तेव्हा सारे घर पुन्हा आनंदले. त्याच ग्रंथात त्रिशलादेवींच्या आहारविहाराचेही वर्णन आहे. अति शीत नाही, अति उष्ण नाही, अति तिखट नाही, असे भोजन त्या घेत. रोग, शोक, भय आणि श्रम यांपासून त्यांस दूर ठेवले जाई. आयुर्वेदात चरकाचार्यांनीही गर्भधारणेस उपकारक अशा गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेस श्रेष्ठ स्थान दिले आहे. आपल्या घरोघरी होणारे डोहाळजेवण हे तरी दुसरे काय आहे? तथापि एका दिवसाची हिरवी साडी, फुलांची वाडी आणि ओटी एवढ्यावर ही जाणीव संपता कामा नये. उरलेल्या दोनशे सत्तर दिवसांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

पुण्याजवळील सहा खेडी

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलिन फॉल यांचे त्यास सहकार्य होते. शेतकरी कुटुंबांतील विवाहित स्त्रियांची नोंद ठेवावयाची, त्या गर्भवती झाल्या की त्यांचा आहार, श्रम, रक्त आणि वजन तपासावयाचे, आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावयाचा, अशी ही योजना होती. गेली तीस वर्षे हे काम चिकाटीने चालत आले आहे.

या मातांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास भरली. इंग्लंडमधील मुलांच्या तुलनेत ती लहान आणि कृश होती. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास सडपातळ पण आतून मेदयुक्त, अशी ही ठेवण भारतीयांना पुढे मधुमेहाकडे का नेते, याचा उलगडा तिच्यातून होऊ लागला. ही मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ निम्मी वजनाने प्रमाणापेक्षा कमी होती. असे असूनही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. ज्या रोगाला आपण सुखवस्तू, बैठ्या व्यापाऱ्याचा रोग म्हणतो, त्याचे बीज कृश शेतकरी मुलांतही उदरातच पडू शकते, असा याचा अर्थ होतो.

या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी निष्पन्न झाल्या, त्या प्रत्येक गृहिणीने ध्यानी धराव्यात. पहिली ही की, केवळ भाकरी-भाताचे प्रमाण किती, यापेक्षा मातेच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा येते, याचा बालकाच्या जन्मवेळच्या वाढीशी अधिक निकटचा संबंध दिसला. दुसरी ही की, गरोदरपणात विहिरीचे पाणी वाहणे, शेतातील कष्टाची कामे करणे, यांचा भार ज्या स्त्रियांवर अधिक होता, त्यांची मुले वजनाने कमी भरली. पोटभर जेवण म्हणजे पोषण नव्हे, आणि कष्टाची सवय आहे म्हणून कष्ट बाधत नाहीत असेही नव्हे.

मुंबईतही २००६ ते २०१२ या काळात गरीब वस्त्यांतील स्त्रियांवर याच धर्तीचा एक प्रयोग झाला. पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला शाकाहारी खाऊ काही स्त्रियांना रोज देण्यात आला. इतरांना दिलेल्या खाऊत बटाटा, कांदा असे साधे पदार्थ होते. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बालकांच्या वजनात विशेष फरक दिसला नाही. परंतु ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ घेण्यास आरंभ केला होता, त्यांची मुले सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरली. शिवाय हा खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. यावरून बोध इतकाच, की दिवस गेल्याचे कळल्यावर धावपळ करण्यापेक्षा घरातील सुनेचा आणि उपवर कन्येचा आहार आधीपासूनच सांभाळावयास हवा.

शाकाहारी घरांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट

आपल्या समाजाचा शाकाहार हा अहिंसेवर अधिष्ठित आहे आणि त्याचा आपणास सार्थ अभिमान आहे. त्यात एक उणीव मात्र राहू शकते व ती भरून काढणे सहज शक्य आहे. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व भाज्या, धान्ये, डाळी, फळे यांत मिळत नाही. शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. रक्त तयार होण्यास ते लागते. त्याचप्रमाणे मेंदू व मज्जातंतू यांवरील आवरण बनण्यासही ते आवश्यक असते. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांमध्ये ही कमतरता फार होती, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान आणि तात्पुरते स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडली. याउलट, याच खेड्यांतील मुलींना लग्नापूर्वीपासून अल्प मात्रेत बी-१२ देण्याचा जो प्रयोग पुढे झाला, त्यात त्यांच्या अपत्यांची दोन वर्षांच्या सुमारास आकलनाची व भाषेची प्रगती अधिक चांगली असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

दिवसाकाठी मोठा पेलाभर दूध घेतल्यास साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते. गर्भवतीची गरज त्याच्या अडीचपट आहे. म्हणून दूध, दही व ताक मिळून दिवसात दोन-तीन वेळा तिच्या पोटात जावयास हवे, आणि रक्त तपासून वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावयास संकोच वाटू नये. औषधातील हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या आंबवण्याच्या क्रियेने तयार करतात, ते प्राण्यांच्या शरीरातून काढीत नाहीत. ते जिलेटिनच्या वेष्टनाऐवजी साध्या गोळीच्या रूपात मागून घेता येते. सर्व गर्भवतींना देण्यात येणाऱ्या फॉलिक आम्लाच्या आणि लोहाच्या गोळ्याही चुकवू नयेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने पीडित आढळल्या. दोघींपैकी एकीचा हा प्रश्न असल्याने तो आपल्या उंबरठ्याबाहेरच राहील, असे समजण्याचे कारण नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांच्यासंगे घेतल्यास ती अंगी लागते.

मनाचा ताण

आता मनाकडे वळू. माणूस सतत चिंतेत वा भयात राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. गर्भवतीच्या बाबतीत निसर्गाने वारेत एक पहारेकरी ठेवला आहे. तेथील एक विकर या द्रव्याचा बराचसा भाग निष्प्रभ करून टाकतो आणि गर्भास त्याच्या झळीपासून वाचवितो. परंतु ताण तीव्र आणि दीर्घकाळ राहिला तर हा पहारा सैल पडू शकतो. १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिमवादळाने लक्षावधी घरांतील वीज गेली. कित्येक कुटुंबांनी कडाक्याच्या थंडीत अनेक आठवडे काढले. त्या वेळी ज्या स्त्रिया गर्भवती होत्या, त्यांच्या मुलांचा पुढे अभ्यास झाला. ज्या मातांना अधिक हाल सोसावे लागले, त्यांच्या मुलांची भाषेची व आकलनाची प्रगती सरासरीने काहीशी मंद आढळली.

हिमवादळ दूरदेशीचे झाले. गोव्याचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. उत्तर गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींची अखेरच्या तिमाहीत विचारपूस केली. ज्यांचे मन खचलेले होते, त्यांस कमी वजनाचे मूल होण्याचा संभव अधिक होता. प्रसूतीनंतर ज्या माता नैराश्याने ग्रासल्या, त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींचे मन गरोदरपणातच अस्वस्थ होते. अशा मातांची मुले सहा महिन्यांची झाली तेव्हा त्यांच्यात वजन घटलेल्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक भरले. या नैराश्याच्या मुळाशी दारिद्र्य होते, पतीशी असलेले बेबनावाचे संबंध होते. आणि जन्मलेले मूल मुलगी आहे, ही गोष्टही होती.

या शेवटच्या वाक्यापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत जैन समाजात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८८९ मुली होत्या. हा आकडा देशाच्या सरासरीहून कमी आहे. मुंगीसही न दुखविणाऱ्या समाजाच्या नावावर ही नोंद असावी, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. “यंदा मुलगाच हवा” असे थट्टेत म्हटलेले वाक्यही त्या स्त्रीच्या मनावर नऊ महिने ओझ्यासारखे राहते. त्या ओझ्याची झळ मातेबरोबर बालकासही पोहोचू शकते, हे गोव्याच्या अभ्यासावरून ध्यानी यावे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हे सारे वाचून एखादी भगिनी, “माझ्या रडण्याने मुलाचे नुकसान झाले असेल काय?” अशा चिंतेत पडली, तर या लेखाचा उद्देशच विफल होईल. रोजच्या लहानसहान काळज्या, क्वचित आलेले अश्रू यांनी काही बिघडत नाही. वर सांगितलेले परिणाम हे संभव आहेत, विधिलिखित नव्हेत. जन्मानंतरचे स्तनपान, मायेचा स्पर्श आणि घरातील मोकळे बोलणे यांनी पुष्कळ काही सावरते. शिवाय गर्भवतीच्या मनावर ताण येतो तो बहुधा इतरांच्या वागण्यामुळे. तेव्हा दोष तिच्या माथी न मारता जबाबदारी साऱ्या घराने घ्यावयाची आहे.

व्रत आणि विवेक

चातुर्मासात आपल्याकडे अनेक घरी पालेभाज्या वर्ज्य असतात. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेतले जात नाही. पर्युषणात एकासणे, उपवास, अठ्ठाई यांची प्रभावना होते. या तपाचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु गर्भवतीच्या रक्तातील साखर उपवासात इतरांपेक्षा लवकर उतरते आणि निर्जल राहिल्यास तिला अधिक त्रास होतो. अशा वेळी शास्त्राचीच आज्ञा आठवावी. तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप ही शक्तीनुसार करावयास सांगितली आहेत. गर्भवतीची शक्ती दोन जिवांत वाटलेली असते. यास्तव व्रताचा संकल्प करण्यापूर्वी तिने गुरुमहाराजांस व साध्वीजींस आपली अवस्था मोकळेपणाने सांगावी व डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. स्वाध्याय, सामायिक, जप, दान ही आराधना तिला मोकळी आहेच.

ज्या घरी चातुर्मासात पालेभाज्या नसतील, तेथे मूग, मटकी, हरभरा, तूर, तीळ, खजूर, बाजरी आणि ऋतूतील फळे यांनी ताट भरावे. जेथे रात्रिभोजनाचा त्याग आहे, तेथे सायंकाळचे जेवण घाईचे व उरलेसुरले नसावे; दूध, डाळ, भाजी यांसह ते परिपूर्ण असावे. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की उपवासाचे सैंधव बहुधा आयोडीनयुक्त नसते, आणि बालकाच्या मेंदूच्या वाढीस आयोडीन अत्यावश्यक असते. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

घराचे आणि पेढीचे कर्तव्य

सासूबाईंनी एवढा एकच नियम करावा, की सूनबाईंचे ताट शेवटचे असणार नाही. तिच्या वाट्याचे दूध सकाळीच वेगळे काढून ठेवावे. यजमानांनी दुकानातील तोट्याचा राग घरी आणू नये आणि तपासणीच्या दिवशी, हंगाम कितीही भरात असो, स्वतः बरोबर जावे. आदिलाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तामसीच्या परिसरातील माणसास तेथे जाणे बाजारास जाण्याइतकेच सरावाचे आहे. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि शक्य तर बी-१२ यांची तपासणी वेळेवर व्हावी. मन सतत उदास राहत असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांस सांगावे. ते लपविण्यासारखे काही नाही. माहेरी जाण्याची तिची इच्छा असेल तर मुहूर्ताचा वा हंगामाचा अडसर घालू नये.

आपले कर्तव्य घरापुरतेच नाही. आपल्या जिनिंगमध्ये, गोदामात, अंगणात कापूस वेचणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या स्त्रियांपैकी कोणी ना कोणी गर्भवती असतेच. पुण्याजवळच्या खेड्यांत जड कष्टांचा जो परिणाम दिसला, तो तिच्याही बालकावर होणार. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यास २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी वेतनासह रजेची मुदत २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत आहे. कायदा जेथे लागू आहे तेथे तो पाळावाच. जेथे लागू नाही तेथेही तिला बसून करावयाचे हलके काम, पिण्याचे स्वच्छ पाणी, दुपारची विश्रांती आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी देणे आपल्या हाती आहे. अनुकंपा या शब्दाचा आपल्या व्यवहारातील अर्थ यापेक्षा निराळा असू शकत नाही.

वर्षअखेरीस आपण नफ्यातोट्याचा आढावा घेतो. यंदा वही मिटण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एक खाते मनात उघडावे: माझ्या घरात आणि माझ्या पेढीवर या वर्षी किती माता होत्या, त्या वेळेवर जेवल्या काय, त्यांना विसावा मिळाला काय, त्यांच्याशी कोणी प्रेमाने बोलले काय? या खात्याची बाकी आजच्या वहीत दिसणार नाही. दहा वर्षांनी शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत ती दिसेल. त्रिशलादेवींच्या उदरातील बालकानेदेखील मातेचे दुःख जाणून तिला दिलासा दिला. आपण तर त्याच घरात वावरणारी थोर माणसे आहोत. आपणास ते अवघड का व्हावे?